भाषा घरगुती, दोन गुण वजा

मला सूड घ्यायचा होता. उगाच गोडगोड कशाला बोलू? आठवणी लिहायला बसलं की माणसं आपण किती समजूतदार होतो ते सांगतात. मी नव्हते. रोह्यातल्या एका केमिकल कंपनीतल्या एका साहेबाची चारचौघांत जिरवायची, एवढं एकच मनात धरून मी महिनाभर पेणमधल्या माझ्या घरात बसले होते. गॅसवर भात लागायचा, वास शेजारच्या गणपतीच्या कारखान्यापर्यंत जायचा, तिथले रंगारी खिडकीतून हाक मारायचे, तेव्हा मला कळायचं.

कारण माझा भाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमचं माहेर गडबच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. वडील मिठागरावर होते. भाऊ त्याच मिठागरावर वाढला, आणि मिठागर बंद पडल्यावर रोह्याला कंपनीत कंत्राटी कामगार म्हणून लागला. तो रोज उठून शिफ्टला जातो आणि आईला सांभाळतो. मी पेणला शिकले, पेणलाच लग्न केलं, पेणच्याच एका छापखान्यात वीस वर्षं मुद्रितं तपासली. आईला मी दर दोन दिवसांनी फोन करते. ती हल्ली फार बोलत नाही. जेवलीस का, हो. औषध घेतलंस का, हो. काही हवंय का, नाही. वय झालं की माणूस गप्प होतं, असं मी धरून चालले होते.

तर कंपनीने मागच्या वर्षी एक नवीन खूळ आणलं. कंत्राटी माणसाचा गेटपास नवा करायचा तर आधी सुरक्षेची तोंडी परीक्षा. पूर्वी ती शिफ्टचा मुकादम घ्यायचा. आता एक टॅबलेट घेतो. टॅबलेट मराठीत प्रश्न विचारतो, माणसाने बोलून उत्तर द्यायचं, टॅबलेट ते लिहून घेतो, तपासतो, दहापैकी गुण देतो आणि शेऱ्याची चिठ्ठी बाहेर येते. तीन वेळा नापास झालं की पास बंद. पास बंद म्हणजे गेट बंद, आणि त्या गेटच्या आत भावाची चौदा वर्षं गेलेली. तो दोनदा नापास झाला होता. तिसरी आणि शेवटची परीक्षा महिन्यावर होती.

दुसऱ्या वेळची चिठ्ठी घेऊन तो माझ्याकडे पेणला आला. चपला बाहेर काढल्या, पाणी प्यायला, आणि खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरला.

‘वाच,’ म्हणाला.

प्रश्न होता : आवारात वायुगळती होत असल्याचे निदर्शनास आल्यास तुम्ही काय कराल? खाली त्याचं उत्तर. यंत्राने अक्षरन् अक्षर बरोबर उतरवलं होतं, त्यात खोट काढायला जागा नाही :

‘आमचा एक चुलता व्हता. खाजणाच्या कडेला पेंढा पेटला न धूर निसता अंगावर. त्यानं मूठभर सुकी माती घेतली न हातातनं सोडली. माती जिकडं उडाली तिकडं वारा चाललाय. मंग तो वाऱ्याला आडवा निघाला, बांधावरनं. खाली खड्ड्यात नाय उतरला, जड धूर खालीच बसतो. बाकीच्यांना हाका मारीत निघाला. लांब गेल्यावर वाऱ्याच्या तोंडाला जाऊन उभा राहिला न माणसं मोजली. सगळी व्हती.’

त्याखाली यंत्राचा शेरा : ‘उमेदवाराने स्वतःच्या कृतीविषयी काहीही सांगितलेले नाही. उत्तर असंबद्ध. भाषा घरगुती. दहापैकी दोन.’

डोक्यात तिडीक गेली माझ्या. दोन! वारा आधी बघायचा, त्याला आडवं जायचं, खोलगट जागेत उतरायचं नाही, इतरांना सावध करायचं, शेवटी माणसं मोजायची. आणखी काय हवं होतं त्या डब्याला? मी चिठ्ठी तीनदा वाचली. भाऊ चिठ्ठीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता. मला वाटलं, धीर मागतोय.

‘असं का सांगितलंस पण?’ मी म्हटलं. ‘चुलता कशाला मध्ये आणलास? सरळ मी असं करीन म्हणायचं ना.’

म्हटलं, आणि माझं मलाच आठवलं. आमच्या खाडीकडे वाईट गोष्ट कुणी ‘मी’ला लावत नाही. बांध फुटला तर मी काय करीन, असं मिठागरावर कुणी बोललं तर म्हातारी माणसं अंगावर धावून यायची. बोलावतोस का संकटाला? मग उत्तर कसं द्यायचं? दुसऱ्याचं म्हणून सांगायचं. एक चुलता होता, एक बाई होती, पलीकडच्या गावात एकाचं असं झालं. ऐकणाऱ्याने त्यातून घ्यायचं ते घ्यायचं. पेणचे जुने डॉक्टर हे जाणून होते. आमच्याकडचा माणूस दवाखान्यात जाऊन सांगायचा, ‘एका माणसाच्या पोटात लय दुखतं,’ आणि डॉक्टर निमूट त्याच्याच पोटावर हात ठेवायचे.

‘साहेब काय म्हणाला?’ मी विचारलं.

‘बोलला, यंत्र मराठीत चांगलं पास झालेलं हाय, त्याचं सर्टिफिकेट हाय. दोष तुमच्या भाषेत हाय. बोलला, घरात कोण शिकलेलं नाय काय? घेऊन ये त्याला. भाषा सुधारून घे.’

‘असं म्हणाला?’

‘व्हय. सगळ्यांसमोर.’

‘बरं,’ मी म्हटलं. ‘शिकलेलं माणूस हवंय ना त्याला? येते मी.’

आता माझं काम काय होतं ते सांगते, कारण ते पुढे लागणार आहे. छापखाना बंद झाल्यावर मी घरबसल्या एक काम धरलं होतं. भाषा बोलणारी ही जी यंत्रं निघाली आहेत, त्यांना चांगलं मराठी कोणतं आणि वाईट कोणतं हे शिकवायला माणसं लागतात. दूरच्या शहरातली एक एजन्सी मला प्रश्न आणि उत्तरं पाठवायची. उत्तर माणसाचं की यंत्राचं ते सांगायची नाही, पुढे ते कुठे वापरणार तेही नाही. सगळा कारभार आकड्यांचा, माझ्या नावाऐवजीही एक आकडाच. मी दहापैकी गुण द्यायचे आणि एका ओळीचा शेरा लिहायचा.

आणि मी कडक होते हो! प्रश्न इंग्रजीवरून आलेले असायचे. हिमवादळात गाडी अडकली तर काय कराल, असा एक होता. पेणमध्ये बर्फ बघायचा तर मासळीबाजारात जावं लागतं. मी एजन्सीला लांबलचक पत्रं लिहिली, की मराठीची परीक्षा अशी दुसऱ्याचे उतरलेले कपडे घालून घेऊ नका, इथल्या माणसाला पडणारे प्रश्न विचारा. त्यांनी दोनदा आभार मानले आणि तिसऱ्यांदा उत्तर दिलं नाही. तरी मला वाटायचं, सगळ्यांचं काही असो, मराठीच्या बाजूने न्यायाने उभी असलेली मी एक तरी आहे. हे सगळं साहेबाच्या तोंडावर कसं फेकायचं, त्याची वाक्यं मी भांडी घासताना जुळवायचे.

आधी मी सोपा रस्ता धरून बघितला. भावाला समोर बसवलं आणि पुस्तकी उत्तर पाठ करून घ्यायला लागले. ‘म्हण, वायुगळती झाल्यास मी प्रथम वाऱ्याची दिशा पाहीन.’

‘गॅस फुटला तर मी,’ तो म्हणाला आणि थांबला.

‘हां, पुढे.’

‘गॅस फुटला तर मी.’ त्याच्या कपाळावर घाम आला. ‘ताय, उद्या माझी पहिली शिफ्ट हाय. कशाला बोलवू?’

चौदा वर्षं विषाच्या टाक्यांच्या मधून फिरणारा माणूस एका शब्दाला घाबरत होता. मला राग आला, मग लाज वाटली, आणि मग राग पुन्हा सगळा साहेबाकडे वळला, जिथे तो शोभत होता. म्हटलं, भावाची परीक्षा राहू दे. त्या यंत्राचीच घेऊ.

मी तीन कागद केले. पहिल्यावर भावाचं उत्तर, काना-मात्रा न हलवता. दुसऱ्यावर त्याच उत्तराचं इंग्रजी. तिसऱ्यावर मी स्वतः रचलेलं एक उत्तर. त्याविषयी नंतर.

इंग्रजी तपासायला मला खात्रीचं माणूस हवं होतं, नाहीतर साहेब म्हणेल बाईने पदरचं घातलं. भावाच्या शिफ्टचे मुकादम रोह्याजवळच्या एका गावचे. कोकणी मुसलमान, अर्धं आयुष्य आखातात तेलाच्या कामावर काढून परत आलेले. भाऊ त्यांना चाचा म्हणतो, म्हणून मीही म्हणते. ते कामाला पेणला आले होते, तेव्हा चहाला घरी आले. चष्मा नाकावर घेऊन त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बोट ठेवत ठेवत वाचले.

‘बाई, हे इथं तुम्ही इमिजिएटली घातलंय. तो कुठं असं बोलला?’

‘अहो चाचा, तेवढं बरं दिसतं.’

‘बरं दिसाया नको. त्याचं हाय तेवढंच ऱ्हाऊ द्या. नायतर मोजमाप कसलं?’ त्यांनी माझ्याच पेनाने तो शब्द खोडला. मी वरमले, पण बरं वाटलं. निघताना ते म्हणाले, ‘तुमचा भाऊ माझ्या शिफ्टला असला तर मला झोप लागते. एवढं लक्षात ठेवा.’

परीक्षेच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीने रोह्याला गेलो. भावाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी माझी चांगली हातमागाची साडी नेसले होते. लढाईला जाताना माणूस काय वाटेल ते घालून जात नाही.

ट्रेनिंगच्या खोलीत दहाबारा कामगार भिंतीला लागून बसले होते, आपापल्या पाळीची वाट बघत. चाचा दाराशी उभे. साहेब तरुण होता, पुण्याकडचा, बोलायला अगदी लोण्यासारखा. मॅडम, बसा मॅडम, पाणी घ्या मॅडम. तो वाईट माणूस होता असं म्हणायची मला फार इच्छा आहे, पण तसा तो नव्हता. त्याला फक्त कधी कुणी चूक दाखवली नव्हती.

‘साहेब,’ मी म्हटलं, ‘तुम्ही सांगितलंत शिकलेलं माणूस आणा, मी आले. भावाची परीक्षा घ्या, पण आधी तुमच्या यंत्राने माझी तीन उत्तरं तपासावीत. प्रश्न तोच, गळतीचा.’

‘अवश्य मॅडम. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही.’

आधी इंग्रजी कागद; यंत्राला तीही भाषा चालायची. चाचांनी सावकाश वाचला. यंत्राने गुण दिले, दहापैकी नऊ. शेरा इंग्रजीत होता. तो चाचांनी सगळ्यांना मराठीत सांगितला : उमेदवाराने प्रत्यक्ष अनुभवाचे उदाहरण देऊन उत्तर दिले आहे. त्याला वाऱ्याची उत्तम जाण आहे. इतरांच्या सुरक्षेचाही विचार केला आहे.

‘वा,’ साहेब म्हणाला. ‘कुणाचं उत्तर आहे हे?’

‘सांगते. दुसरं घेऊ.’

मग भावाचं उत्तर भावाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. चुलता, पेंढा, मूठभर माती, सगळं. यंत्र क्षणभर थांबलं. असंबद्ध. भाषा घरगुती. दोन.

‘साहेब, हे दोन्ही एकच उत्तर आहे. मघाचा चुलता आणि हा चुलता एकच. तो इंग्रजीत बोलला की अनुभवी, आणि मराठीत बोलला की असंबद्ध. असं कसं हो?’

भिंतीकडून कुणीतरी ‘हां, सांगा आता’ असं पुटपुटलं. साहेबाने टॅबलेट उलटासुलटा करून बघितला. ‘मॅडम, मराठी उत्तराची भाषा थोडी नीट असती तर...’

मी याचीच वाट बघत होते. ‘बरोबर आहे तुमचं. म्हणूनच हा तिसरा कागद आणलाय, अगदी नीट भाषेत. पण हा तुम्ही वाचा. आम्हाला तसे उच्चार जमायचे नाहीत.’

माणूस स्तुतीला भुलतो, आणि मराठी माणूस उच्चारांच्या स्तुतीला जरा जास्तच. साहेबाने घसा साफ केला आणि नाटकात उभं राहिल्यासारखं वाचलं : ‘वायुगळती निदर्शनास आल्यास मी तत्काळ वायुप्रवाहाच्या अनुरोधाने सखल भागाकडे मार्गक्रमण करीन, तेथे सुरक्षित आश्रय घेईन व तदनंतर वरिष्ठांना यथावकाश अवगत करीन.’

यंत्राने जराही वेळ लावला नाही. उत्तर मुद्देसूद. भाषा प्रमाण व सुस्पष्ट. दहापैकी नऊ.

‘बघा!’ साहेब भिंतीकडे वळून म्हणाला. ‘असं उत्तर पाहिजे.’

चाचा दारातून हळूच म्हणाले, ‘साहेब, वायुप्रवाहाच्या अनुरोधाने म्हणजे कुठं?’

‘म्हणजे वाऱ्याच्या...’ साहेब थांबला.

‘वारा चाललाय तिकडंच ना? गॅस पण तिकडंच चाललाय. तुम्ही गॅसच्या संगतीनं निघाला, खड्ड्यात जाऊन बसला, आन् वर यथावकाश कळवणार. कळवाल कुठून, साहेब?’

खोली फुटली हसून. भिंतीला बसलेले उठून उभे राहिले, एकाने तर मांडीवर थाप मारली. साहेबाचे कान लाल झाले. काय सांगू तुम्हाला, महिनाभराचा माझा करपलेला भात त्या क्षणी वसूल झाला. देव क्षमा करो, मला फार म्हणजे फार बरं वाटलं. मी पाण्याचा पेला उचलून सावकाश प्यायले.

तिथेच थांबले असते तर जिंकून घरी आले असते. पण साहेब असा गप्प बसणारा नव्हता. त्याने कपाटातून एक जाड फाइल काढून टेबलावर आपटली.

‘मॅडम, हा प्रकार तुम्ही मुद्दाम जुळवून आणलात. मराठी कसं तपासायचं हे यंत्राने आपल्या मनाने ठरवलेलं नाही. ते शिकवायला मराठीच तज्ज्ञ बसवले होते. ही त्यांच्यातल्या एका बाईंनी तपासलेली नमुन्याची उत्तरं, नावाच्या जागी नुसता आकडा. ऐका.’

आणि तो वाचायला लागला. कुणा कोळणीने सांगितलं होतं, होडी उलटली तर काय. ‘आमच्याकडं एक म्हातारा व्हता’ इथपासून सुरुवात. खाली शेरा : ‘आशय बरोबर, भाषा घरगुती. दोन गुण वजा.’ पान उलटलं. कुणा शेतकऱ्याचं, बांध फुटल्यावर काय. ‘मुद्द्यावर यायला फार वेळ. दुसऱ्याचेच किस्से. असंबद्ध. भाषा घरगुती.’ पुढचं पान. ‘आशय बरोबर, भाषा घरगुती. दोन गुण वजा.’

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. ते शेरे माझे होते.

मला एकेक उत्तर आठवलं. ती कोळीण आठवली. तिचं वाचताना मला माझ्याच अंगणाचा वास आला होता आणि म्हणूनच मी जास्त कडक झाले होते. तुला येतं म्हणून सोडू नकोस, असं स्वतःला बजावून दोन कापले होते. प्रत्येक वेळी दोनच, मोठ्या न्यायाने. यंत्राने ते बघितलं, शिकलं, आणि माझ्या दोनाचे आठ केले. वर माझा शब्दही उचलला. महिनाभर ती चिठ्ठी माझ्या फ्रिजवर लोहचुंबकाने लावलेली होती आणि मला माझाच शब्द ओळखता आला नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, आणि मी चावणारा दुसरीकडे शोधत होते.

‘आता बोला,’ साहेब म्हणाला. त्याचा आवाज परत लोण्यावर आला होता. ‘मराठीच्या तज्ज्ञ बाई आहेत या. त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?’

मी गप्प बसू शकत होते. आकड्यामागे कोण आहे ते त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पण गप्प बसले असते तर त्या फाइलीने भावाला नापास केलं असतं, आणि त्याच्यामागे भिंतीला बसलेल्या सगळ्यांना. शिवाय साहेबाच्या ओठांवर ते हसू परत आलं होतं, आणि ते मला सहन झालं नाही. खरं सांगायचं तर पहिलं कारण मला नंतर सुचलं.

‘व्हय,’ मी म्हटलं. कितीतरी वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून चारचौघांत निघाला. ‘जास्त कळतं. कारण ती बाई मीच. तो आकडा माझा आहे. विचारा तुमच्या लोकांना. त्या बाईने पोहता येणाऱ्यांचे गुण कापले आणि कोरडं बोलणाऱ्यांना दिले. ती चुकली. हे सगळे गुण मी मागे घेते, आत्ता लिहून देते. आता तुमच्या सर्टिफिकेटमध्ये काय उरलं ते बघा.’

मी कागद मागितला आणि लिहून दिलं, सहीसकट. चाचा पुढे आले आणि साहेबाला म्हणाले, जोवर याचा निकाल लागत नाही तोवर परीक्षा पूर्वीसारखी शिफ्टचे मुकादम घेतील, बाहेर, वारा दाखवणाऱ्या पिशवीखाली उभं राहून. साहेबाने वर कुणालातरी फोन केला, बराच वेळ हो सर, हो सर केलं, आणि मान डोलावली. भावाची परीक्षा दहा मिनिटांत झाली. पासावर शिक्का पडला. माझ्या एजन्सीचा निरोप मात्र मी गेटबाहेर पडायच्या आत आला, की गुप्ततेचा भंग झाल्याने तुमचं काम आजपासून थांबवत आहोत. म्हटलं, थांबवा. करावं तसं भरावं.

परतीच्या एसटीत भाऊ खिडकीशी बसला. नागोठणं गेलं तरी बाहेरच बघत होता.

‘अरे, पास मिळाला की. तोंड कशाला पाडलंस?’

‘तोंड नाय पाडलं.’ पास त्याने वरच्या खिशात ठेवला होता आणि त्यावर हात होता. थोड्या वेळाने म्हणाला, ‘तू चिठ्ठी वाचलीस ना, तवाच मला वाटलं व्हतं. घरगुती. हा शब्द तुझा हाय.’

‘माझा कसा? तुला काय माहीत मी काय लिहिते?’

‘लिहितेस ते नाय माहीत. तुझ्या वास्तुशांतीला तू आयला बोललेलीस. मी पानं वाढायला आत उभा व्हतो. बोललीस, आई, बाहेर छापखान्यातली माणसं आलीत, त्यांच्यात फार बोलू नको, तुझी भाषा घरगुती आहे.’

मला आठवत नव्हतं. मग आठवलं. घाई होती, नवी साडी होती, बाहेर पाहुणे होते, आणि आई पुरणाचं ताट हातात घेऊन कुणाला तरी मोठ्या आवाजात सांगत होती, एक बाई व्हती गो. मी तिला स्वयंपाकघरात बोलावून अगदी हळू आवाजात सांगितलं होतं. रागावून नव्हे. तिने मान हलवली आणि ताट माझ्या हातात दिलं.

‘ती हल्ली बोलतच नाही ना कुणाशी,’ मी म्हटलं.

भावाने माझ्याकडे बघितलं. ‘कोण बोललं? दिवसभर तोंड चालू असतं तिचं. कोंबड्यांशी बोलते, माझ्याशी बोलते, टीव्हीतल्या माणसांशी भांडते. तुझा फोन आला कीच हो न नाही. ते दोन शब्द तिनं तुझ्यासाठी पाठ केलेत.’

गडबला तो उतरला. चल म्हणाला, पण मला उतरायचा धीर झाला नाही. वडखळला गाडी नेहमीसारखी अडकली, पुढे पेणला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. घरात येऊन मी चपला न काढताच आईला फोन लावला.

‘पोचला का तो?’

‘हो.’

‘पास दाखवला?’

‘हो.’

‘आई, तू माझ्यावर रागावली आहेस का गं?’

अगदी नीट, एकेक अक्षर जपून, ‘नाही.’

‘बरं, ठेवते,’ म्हटलं. आईला फोन बंद करता येत नाही, तो नेहमी भाऊ करतो. तिने तो तसाच ओट्यावर ठेवला असावा, कारण लगेच तिचा आवाज आला, लांबून, पण मोकळा, भरलेला, मी विसरून गेले होते तसा.

‘काय बोलली गो ताय?’ भाऊ विचारत होता.

‘बस, सांगते. एक बाई व्हती. तिची पोर लय हुशार. बाईनं मीठ डोक्यावर वाहिलं न पोरीला पेणला शिकाया धाडली. पोर शिकली. लय मोठी झाली. मंग बाईनं आपलं तोंड मिटलं, पोरीला लाज नको वाटाया म्हणून. पन मिटलेलं तोंड रे, आतल्या आत कुजतं.’

ताटात भाकरी वाढल्याचा आवाज आला.

‘कोनची गो ती बाई?’

‘व्हती कोनतरी,’ आई म्हणाली. ‘आपल्यातली नाय.’